कॉर्न कॅप कुठली चांगली? तुमच्या वडिलांसाठी तरी कुठलीच नाही

ताई, वडील 66 वर्षांचे, साखर बारा वर्षांपासून, उजव्या तळव्याला करंगळीच्या खाली कुरूप, दुखत अजिबात नाही म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाहीत, तर मेडिकलमधून कुठली कॉर्न कॅप आणू, असं तुम्ही विचारलंय. वाचता वाचता माझी नजर स्वतःच्या पायाकडे गेली. माझ्या उजव्या पायाला करंगळी नाही. वय आणि साखरेची वर्षं सोडली, तर 2017 च्या आषाढात हीच पोस्ट मी लिहिली असती.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली मराठीची बाई आहे. जे काही कळलंय ते एका पायाच्या अनुभवावरून, त्यामुळे औषधांची नावं माझ्याकडून घेऊ नका. साखर ताब्यात ठेवा, पाय स्वच्छ ठेवा हे कुणीही सांगेल, ते मी लिहीत बसत नाही.

कॉर्न कॅप म्हणजे मध्ये औषधाचा ठिपका असलेली चिकटपट्टी. त्या ठिपक्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, पुष्कळदा 40 टक्के. ते कातडी मऊ करून सोडवतं. कुरुपाची कातडी कुठली आणि शेजारची चांगली कुठली, हे त्याला कळत नाही. ज्याच्या पायाला संवेदना आहे त्याला चुणचुणतं, आग होते, तो पट्टी ओढून फेकून देतो. मला काहीच झालं नाही. उलट वाटलं, किती सौम्य औषध आहे! चार दिवस तशीच ठेवली. मधुमेह असेल तर वापरू नये, असं पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. जन्मभर पोरांना ‘नीट वाचा’ म्हणून ओरडणारी मी, ते वाचलं बोट कापून आल्यावर.

पाचव्या दिवशी सकाळी सून केर काढताना म्हणाली, “आई, कुंकू सांडलं का हो कुठे?” न्हाणीघरापासून देवघरापर्यंत फरशीवर तांबूस ठिपके, सारख्या अंतरावर, सगळे उजव्या पावलाचे. पट्टी काढली तर खालची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, धुणं धुऊन उठल्यावर बोटं होतात तशी. ती पट्टीबरोबरच निघून आली. मध्ये जोंधळ्याच्या दाण्याएवढं भोक. दुखत तेव्हाही नव्हतं.

पण माझी करंगळी त्या पट्टीने नाही नेली. ती गेली पुढच्या पाच आठवड्यांत, आणि माझा खरा राग तिथेच आहे.

आमच्याकडच्या एका बऱ्यापैकी मोठ्या रुग्णालयात रोज ड्रेसिंग सुरू झालं. नाव लिहीत नाही, विचारूही नका. ड्रेसिंगची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण स्ट्रेचरवरच्या पेशंटसाठी. चालत आलेल्याने जिन्याने जायचं. अडतीस पायऱ्या, रोज मोजायचे. वर गेल्यावर नंबर लागेपर्यंत बाहेर उभं, कारण बाकडी चार आणि माणसं वीस. मग पाच मिनिटांचं ड्रेसिंग, “छान लाल आहे हो जखम” असं प्रशस्तिपत्रक, आणि पुन्हा अडतीस पायऱ्या खाली. तिथून थेट शाळेत. दुखतच नाही तर रजा कशाला टाकायची? अँटिबायोटिक दोनदा बदललं. माझी फाइल जाडजूड झाली. त्या पाच आठवड्यांत एकाही माणसाने सांगितलं नाही की बाई, हा पाय जमिनीला टेकवू नका. जखम भरावी म्हणून मी जात होते आणि जाण्यानेच ती रोज फाटत होती.

शेवटी जावेने हट्टाने पुण्याला मधुमेही पायाचं काम करणाऱ्या सर्जनकडे नेलं. त्यांनी साखरेचे कागद बाजूला ठेवले आणि आधी दोन्ही पायांतले मोजे काढायला लावले. मग मला डोळे मिटायला सांगितलं. “तळव्याला काही टोचलं की हो म्हणायचं.” मी डोळे मिटून बसले, कधी सुरू करतायत याची वाट बघत. थोड्या वेळाने ते म्हणाले, “उघडा डोळे, झालं.” दहा जागांना नायलॉनचा तंतू लावला होता, मला एकही कळली नव्हती. तो तंतू 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढंही कळत नसेल तर त्या पायाला धोक्याची सूचना मिळण्याची सोयच उरलेली नाही. नंतर बोथट सळई हलकेच जखमेत घातली, ती आत कठीण वस्तूला लागली. हाड. एक्स-रेतही हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. करंगळी आणि तिच्यामागचं थोडं हाड काढावं लागलं.

ऑपरेशननंतरची जखम सात आठवड्यांत भरली. ड्रेसिंग तसंच साधं. फरक एवढाच की गुडघ्यापर्यंत प्लास्टरचा बूट घातला होता, वॉकर दिला होता, आणि संडासला जाण्यापुरतंच उठायचं होतं. आता कुणाच्याही तळव्याला जखम झाली की मी पहिला प्रश्न विचारते, मलम कुठलं ते नाही, पायावरचा भार काढला का.

तुमच्या वडिलांना कुरूप का झालं असावं तेही थोडं सांगते, कारण ते कापून टाकलं की संपलं असं नसतं. साखरेने नसा मंदावल्या की पायाचे छोटे स्नायूही कमजोर होतात, बोटं पंज्यासारखी आखडतात, आणि सगळा भार दोनचार ठिकाणी येतो. त्या जागी कातडी जाड होते, त्यालाच आपण कुरूप किंवा भोवरी म्हणतो. ती जाड झाली की चपलेत खडा असल्यासारखी आतून दाबते आणि खालचं मांस चिरडत जातं. कुरुपात काळपट किंवा लालसर ठिपका दिसत असेल, तर आत जखम झालेली आहे असं धरून चाला आणि उद्याच दाखवा. ठिपका नसेल तरी या आठवड्यात जा. डॉक्टर ब्लेडने वरची जाड कातडी तासतात, पाच मिनिटांचं काम. घरी मात्र ब्लेड, नेलकटर, दगड काही लावू नका. तंतूची परीक्षा मागून घ्या. शिवाय पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या: घोट्यापाशी रक्तदाब मोजून दंडाच्या रक्तदाबाने भागतात, 0.9 च्या खाली आलं तर पुरवठा कमी. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा, चांगलाच येतो, तेव्हा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघण्याची तपासणी, लागेल का हेही विचारा.

आणि चप्पल. एमसीआरची, म्हणजे आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली कडक तळ, मागे पट्टा. ही कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरात आली, तीच आपल्यालाही चालते. काहींना ‘तसली’ चप्पल घालायची लाज वाटते. आमच्या घरातही वाटली होती. माझं स्पष्ट मत: लाज धरायची तर अंगठ्याच्या चपलेची धरा. ती सटकू नये म्हणून बोटं सतत आवळावी लागतात आणि पडून गेली तरी बधिर पायाला पत्ता लागत नाही. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी रोज उलटी करून झटका.

बाकीचं भराभर. ज्यांना साखर नाही, संवेदना शाबूत आहे, त्यांनी माझं वाचून घाबरू नये. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते आणि चार पावलांनी सैल होते, ती टाचदुखी बहुतेकदा पोटरी ताणण्याच्या व्यायामाने आणि चांगल्या चपलेने काही महिन्यांत जाते. लगेच इंजेक्शनला पळू नका. पावसाळ्यातल्या चिखल्यांना बेचक्या कोरड्या ठेवणं हे निम्मं औषध. तेल, क्रीम टाचांना लावा, बोटांच्या मधे नाही. नख मांसात रुततं ते पुष्कळदा कोपरे गोल कापल्याने. सरळ कापा, पण पू झाला असेल तर सुई घेऊन घरी उकरू नका. मध्यरात्री अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन चादरही सहन होत नसेल तर बहुधा युरिक ॲसिड, पण ते डॉक्टरने ठरवावं. मार न लागता नखाखाली काळी रेघ आली आणि रुंदावत चालली तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवाच.

न थांबता, त्याच दिवशी जायचं केव्हा? लाली जखमेपासून वर चढत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, वास येत असेल, बोट निळं-काळं पडलं असेल, किंवा रात्री पाय दुखून खाली लोंबता सोडल्यावरच बरं वाटत असेल तर. आणि एक गोष्ट फार जणांकडून निसटते: साखरवाल्या माणसाचा एकच पाय अचानक गरम आणि सुजलेला, दुखणं नाही किंवा अगदी थोडं, जखमही नाही. त्यात आतली हाडं ढासळत असू शकतात, सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, आणि मुरगळला म्हणून लोक त्यावर चालत राहतात. चालू देऊ नका.

थोडं अवांतर. घरात साखरवाल्या बायका असतील तर जोडवी बघा. माझी दुसऱ्या पायातली जोडवी सुजेत इतकी रुतली की सोनाराकडून कापून घ्यावी लागली, तीही दुखली नव्हती. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय शेकायला सांगणारे नातेवाईक येतील, त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा. बधिर पायाला कोमट आणि कढत सारखंच. चैत्र-वैशाखात देवळाच्या फरसबंदीवर मोजे घालून जा, देव रागावत नाही. मोजे पांढरे घ्या, डाग लगेच दिसतो. तळवा दिसण्यापुरतं वाकता येत नाही म्हणून मी पलंगाखाली जुना आरसा ठेवलाय.

वडील ऐकत नसतील तर वाद घालू नका. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि बोटांच्या टोकांना एकेक करून आपलं बोट हलकेच, दाब न देता टेकवा. किती वेळा “हो” म्हणतात ते त्यांनाच मोजू द्या. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण माझे दीर याने जागेवरून उठले.

आणि कॉर्न कॅप आणून ठेवली असेल तर परत करून या. मेडिकलवाला घेत नसेल तर कचऱ्यात टाका, घरात ठेवू नका. आमच्याकडे दोन उरल्या होत्या, मी वॉकरवर होते तेव्हा आमच्या ह्यांनी स्वतःच्या पायाला लावायला काढल्या होत्या.