थकव्यावर गांजाचं तेल घेऊ का?

प्रश्न : मी फोंड्याची, शाळेत शिक्षिका. करोना होऊन गेल्यापासून थकवा जातच नाही. एक दिवस घर आवरलं की पुढचे दोन दिवस अंथरूण. क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं निदान झालंय. भाच्यानं हणजूणहून गांजाचं तेल आणलंय, बाटलीवर लेबल नाही. घेऊ का?

उत्तर : ताई, ती बाटली उघडूच नका. आत टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, किती आहे कोणाला ठाऊक? त्यानं नाडी वाढते, उभं राहिल्यावर घेरी येते. या आजारात अनेकांना हा त्रास मुळातच असतो. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा बाळगणं गुन्हा आहे, भाचाही अडकेल.

भांगेच्या पानांपासून बनवलेली, परवाना असलेली आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांनी दुखणं कमी होतं, झोप लागते, असं काही रुग्ण सांगतात आणि मी ते खोटं मानत नाही. पण थकवाच जातो, याला भक्कम पुरावा नाही. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर वैद्यांना आधी सांगा. भांगेतल्या सीबीडी या घटकामुळे त्याच्यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या त्या घर आवरण्याची. श्रमानंतर असं कोसळणं हेच या आजाराचं मुख्य लक्षण. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याचा सल्ला मागे घेतला, तो याचमुळे. बरं वाटत असतानाच थांबा. यंदा चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी घरातल्या दुसऱ्यांना बांधू दे, नेवऱ्या बसून करा, त्याही थोड्याच. आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर या आठवड्यातच तपासून घ्या.