शेव्हेलचे मागचे कंट्रोल आर्म घेण्याआधी

१९७० ची शेव्हेल, शेव्हरोलेची ती जुनी अमेरिकन गाडी, घेतलीस, मनापासून अभिनंदन! कंट्रोल आर्म (मागचा ॲक्सल गाडीच्या सांगाड्याला जोडणारे चार दांडे, दोन वर, दोन खाली) मागवण्याआधी एवढं ठरव, गाडी रोज रस्त्यावर फिरणार की ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) पळणार? रस्त्यावरच असेल तर चारही आर्मना पॉलियुरेथेन बुश (दांड्यांच्या टोकांना सांध्यात बसणाऱ्या कडक प्लास्टिकच्या कड्या) बसवू नकोस. या गाडीचे वरचे दोन आर्म तिरके असतात. वळणावर बॉडी कलली की बुशना पीळ सोसावा लागतो. रबर तो सोसतं, पॉली अडून बसतं, आणि मागची चाकं एकदम पकड सोडतात. ओल्या रस्त्यावर मी हे अनुभवलंय, छातीत धस्स झालं होतं.

खालचे मूळ आर्म पत्र्याचे, एका बाजूने उघडे; जोर पडला की पिळतात. तिथे बंद चौकोनी नळीचे घे, पैसे वसूल होतात. वरच्यांना रबरच ठेव, किंवा बजेट असेल तर स्फेरिकल जॉइंट (सगळ्या दिशांना फिरणारा गोळीचा सांधा). आवाज मात्र थोडा वाढतो. गाडीची उंची कमी केली असशील तर वरचे ॲडजस्टेबलच (लांबी बदलता येणारे) घे, नाहीतर पिनियनचा (ॲक्सलला ताकद देणाऱ्या गिअरचा) अँगल बिघडून गाडी थरथरते.

आणि हो, मागची चाकं हवेत लटकत असताना बोल्ट शेवटचे आवळू नकोस. वजन चाकांवर आल्यावरच आवळ, नाहीतर रबर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.