वाचकांचे प्रश्न : सोलोला गिटार वर येत नाही, कोणतं पेडल घेऊ?

प्रश्न : माझा दोन चॅनलचा ट्यूब ॲम्प आहे, मागे इफेक्ट्स लूपही आहे (पेडल ॲम्पच्या आतल्या टप्प्यांच्या मध्ये जोडायची सोय). घरी एकट्याने वाजवताना लीड चॅनल एकदम भारी वाटतो पण बँडबरोबर वाजवायला लागलो की सोलोला माझं मलाच ऐकू येत नाही. गेन फुल आहे, मिड तीनवर, बेस आणि ट्रेबल आठवर. कोणी म्हणतं डिस्टॉर्शन घे (आवाज जोरात फाडणारं), कोणी ओव्हरड्राइव्ह (हलका फाडणारं), कोणी नुसता बूस्टर (फक्त सिग्नल वाढवणारा). सध्या एकच पेडल घेता येईल, कोणतं घेऊ?

उत्तर : मिड, म्हणजे आवाजातला मधला भाग, तीनवर, इथेच गडबड आहे. सोलोमध्ये आपण कुठल्या नोट्स वाजवतो ते बघा ना. तिसऱ्या तारेचा बारावा फ्रेट म्हणजे ३९२ हर्ट्झ, पहिल्या तारेचा बारावा ६५९, आणि तीच तार बाविसाव्या फ्रेटपर्यंत नेली तरी ११७५ च्या आसपास. म्हणजे सोलोतल्या बहुतेक नोट्स मिडमध्ये आणि तुम्ही नेमका तोच भाग कापून ठेवलाय. घरी हे लक्षात येत नाही कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचं आणि वरचं कमी ऐकू येतं, मग आपण बेस-ट्रेबल चढवत जातो आणि ते मस्त भरदार वाटतं. बँडमध्ये खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमने आधीच घेतलेली असते, वर सिंबल्स असतात, तुमच्या वाट्याला मधली जागा येते आणि तिथेच तुम्ही नाही.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे सिग्नल किती फाडायचा ते. गेन फुल असला की प्रीॲम्प (ॲम्पमधला पहिला टप्पा) आधीच पुरता दाबला गेलेला असतो, गिटार आणि ॲम्पच्या मध्ये कितीही तगडा बूस्टर लावा, आवाज मोठा होत नाही, नुसता जास्त चिरडला जातो आणि फुसफुस वाढते. बूस्टर घेऊन निराश होणारे बरेच जण इथेच फसतात. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी पुढच्या रिहर्सलला एवढं करा : गेन निम्म्यावर आणा, मिड सातवर, बेस चारवर, आणि मास्टर (एकूण आवाज) थोडा वाढवा. मग तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटला तार ओढून एक बेंड घेऊन नोट धरून ठेवा आणि ड्रमरला जोरात वाजवू द्या. एकट्याने ऐकताना हा टोन नाकातून बोलल्यासारखा वाटेल, वाटू द्या, बँडमध्ये तोच बरोबर बसतो.

यानंतरही सोलोला अजून उठाव हवा असेल (आणि हवा असणारच, कारण रिदमपेक्षा सोलो जरा वर असायलाच पाहिजे) तर तुमच्या बाबतीत मी डिस्टॉर्शन नाही, ओव्हरड्राइव्ह पण नाही, सात बँडचा इक्वलायझर (आवाजाचे सात भाग वेगवेगळे वर-खाली करणारं पेडल) सांगेन. बॉसचा जीई-७ घ्या किंवा तसाच दुसरा कुठला. लूपमध्ये लावा. ८०० ची पट्टी चार-पाच डेसिबल वर, ४०० ची दोन वर, १०० ची चार खाली, ६.४ किलोहर्ट्झची तीन खाली, आणि लेव्हल तीन-चार डेसिबल वर. लूप प्रीॲम्पच्या नंतर येतो त्यामुळे तिथे लावलेला बूस्ट गेन वाढवत नाही, खरोखरचा आवाज वाढवतो, आणि सोलोला तुम्हाला तेच तर हवंय. फक्त मास्टर आधीच टोकाला असेल तर पॉवर ॲम्पकडे (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याकडे) द्यायला काही उरलेलं नसतं, ते सांभाळा. लूपशेजारी मायनस १० आणि प्लस ४ असं (सिग्नलच्या पातळीचं) बटण असेल तर मायनस १० वर ठेवा, नाहीतर नऊ व्होल्टचं पेडल तिथल्या सिग्नलने स्वतःच फाटायला लागतं.

ओव्हरड्राइव्ह वाईट आहे असं नाही हं, त्याचं काम वेगळं. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर १९७० च्या दशकाच्या शेवटी आला आणि अजून लोक तोच का घेतात, तर तो साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बेस क्लिपिंगच्या (आवाज फाटण्याच्या) आधीच कमी करतो आणि मिड पुढे काढतो. ज्याचा ॲम्प मुळात क्लीन आहे, मिड कमी असलेला फेंडर घराण्यातला आहे, त्याच्यासाठी हे वरदान. ड्राइव्ह जवळपास शून्यावर, लेव्हल भरपूर वर, टोन बाराच्या काट्यावर, आणि मग ॲम्पला स्वतःला फाटू द्यायचं. ड्राइव्ह फुल करून सगळं काम पेडलकडूनच करून घेतलं तर टोन पातळ होतो. बॉसचा एसडी-१ साधारण हेच काम करतो. ट्रान्झिस्टर (ट्यूब नसलेल्या) ॲम्पवाल्यांनी मात्र ॲम्प फाटेल या भरवशावर राहू नये, क्लीन चॅनलवर चांगलं डिस्टॉर्शन पेडल आणि त्याच्यानंतर इक्वलायझर, ही जोडी त्यांना जास्त लाभते. बिग मफसारखं फझ (फार जाड, खरखरीत डिस्टॉर्शन) घेणार असाल तर त्याचा मिड मुळातच खोल आहे हे लक्षात ठेवा, बँडमध्ये पुन्हा हाच रडका प्रश्न येईल.

प्रश्न : सोलोला डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) लावला की सगळा चिखल होतो. डिले पहिला आणि मग डिस्टॉर्शन असं जोडलंय. चुकतंय का?

उत्तर : हो, उलटं करा. डिले आधी असला की प्रत्येक प्रतिध्वनी डिस्टॉर्शनमधून जातो, दाबला जाऊन मूळ नोटच्या बरोबरीचा होतो आणि नव्या नोटशी मारामारी करतो. डिले डिस्टॉर्शनच्या नंतर, आणि गेन ॲम्पचा असेल तर लूपमध्ये. वेळ काढायला ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा, १२० च्या गाण्याला ५०० मिलिसेकंद येतात, त्याच्या पाऊण पट ३७५ घेतलं तर प्रतिध्वनी ठोक्यांच्या मधे पडतात आणि जागा मोकळी राहते. दोन-तीन रिपीट पुरे. मिक्स इतकाच ठेवा की वाजवताना डिले आहे हे जाणवू नये पण वाजवणं थांबवल्यावर शेपूट ऐकू यावी. रिव्हर्ब (खोलीसारखी घुमक देणारं पेडल) डिलेच्याही नंतर, आणि सोलोला कमीच.

प्रश्न : एकेक पेडल वेगळं लावलं तर शांत, सगळी एकत्र जोडली की घरघर. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) घेऊ का?

उत्तर : आधी पॉवर तपासा. एकाच ॲडॉप्टरवरून माळेसारखी सगळी जोडली असतील तर एकेक करून वेगळ्या ॲडॉप्टरवर घ्या, बॅटरी बसत असेल तर बॅटरीवर, आणि कुणाला काढल्यावर घरघर जाते ते ऐका. बहुतेक वेळा डिलेसारखं एखादं डिजिटल पेडल निघतं. मग त्या पेडलला वेगळा ॲडॉप्टर किंवा प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घ्या. व्होल्ट पेडलवर लिहिलेलेच हवेत, मिलिअँपिअर जास्त चालतात, कमी नाही, आणि प्लगची पोलॅरिटी बघा, बहुतेक पेडल्सना मधला निगेटिव्ह लागतो. एवढं करूनही नुसती फुसफुस उरली तर ती गेनची आहे, गेन थोडा उतरवा, आणि गेट लावलाच तर हलका लावा, नाहीतर धरून ठेवलेल्या नोटचा शेवट तो कचकन कापतो.