आधी हजेरीवही, मग संहिता

प्रश्न : मी नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला व्यावसायिक नटांऐवजी वस्तीतल्या बायका, कामगार, ज्येष्ठ मंडळी यांना घेऊन नाटकं बसवायची आहेत. बाबा म्हणतात, ही समाजसेवा झाली, करिअर नव्हे. काय करू?

उत्तर : हे करिअरच आहे, पण त्याचं तंत्र वेगळं आहे. तुला संहितेपासून सुरुवात करायला शिकवलं असेल. इथे संहिता मागाहून येते.

एका प्रकल्पाला साधारण १४ आठवडे धर. आठवड्याला दोन तालमी, प्रत्येकी दोन तासांच्या. पहिले चार आठवडे खेळ आणि गप्पा, मग उत्स्फूर्त प्रवेश, आठव्या आठवड्यात कच्चा खर्डा. नाटक ५० मिनिटांच्या वर नेऊ नकोस. सुरुवातीला २५ जण आले, तर शेवटी १५-१६ उरतील असं धरूनच आखणी कर. कुणाची शिफ्ट बदलते, कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाला घरून नकार येतो. म्हणून अख्खं नाटक एकाच्या खांद्यावर ठेवू नकोस. मुख्य पात्र तिघांत वाटून दे. लाल ओढणी ज्याच्या खांद्यावर, तो ते पात्र. एकच पात्र अनेकांनी करायची पद्धत ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी १९६०च्या दशकात साओ पावलोत वापरली होती. तुला ती गळतीवरचा उपाय म्हणूनही कामी येईल.

सगळ्यात जपायचं ते लोकांच्या गोष्टींना. तिसऱ्या आठवड्यात एखादी बाई घरातली मारहाण सांगते, आणि प्रयोगाला तिची सासू पहिल्या रांगेत असते. नाव बदलून भागत नाही. बाहेरून लागलेली कडी, सांडलेलं दूध अशा तपशिलांवरून माणूस ओळखू येतो. परवानगी दोनदा घे : गोष्ट ऐकल्यावर आणि खर्डा वाचून दाखवल्यावर. प्रयोगाच्या तीन आठवडे आधीपर्यंत गोष्ट मागे घेता येईल, हे पहिल्याच दिवशी सांग. आणि जिची गोष्ट, तिला ती भूमिका देऊ नकोस.

दुसरी चूक शेवटच्या पंधरवड्यात होते. दिग्दर्शक घाबरतो, वाक्यं पाठ करून घ्यायला लागतो, आणि इतके दिवस छान बोलणारी माणसं कविता म्हटल्यासारखी बोलू लागतात. प्रत्येक प्रवेशाची सुरुवात, वळण आणि शेवटचं वाक्य एवढंच पक्कं कर. बाकीचं त्यांच्या शब्दांत राहू दे.

आता पैशांचं. तिकीटविक्रीवर हे चालत नाही. प्रकल्पाचं मानधन, कार्यशाळा आणि शिकवणं यांची मोट बांधावी लागते. नवखे फक्त तालमीचे ५६ तास मोजतात. गाठीभेटी, फोन, टिपणं यांत जवळपास तेवढेच तास जातात, तेही करारात लिहून घे. सहभागींचा प्रवासखर्च, तालमीच्या वेळी मुलं सांभाळणारी व्यक्ती आणि प्रयोगानंतरची एक बैठक यांची तरतूदही हवी.

पदवीनंतर लगेच स्वतःचा प्रकल्प काढू नकोस. आधी एक प्रकल्प पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सहायक म्हणून कर. रोजची हजेरी आणि कोण का आलं नाही, याची नोंद ठेव. ती वही आणि तासांचा हिशेब बाबांपुढे ठेव.