मिश्र सॉफ्टबॉल संघ जुलैमध्ये का विस्कटतो, आणि कार्यालयाची तोंडी परवानगी

तुमच्या संघाची हकीकत वाचली. मे महिन्यात उत्साहाने उतरलेले ऑफिसातले सहकारी जुलैत निम्म्यावर यावेत, पुरेशा महिला खेळाडू न जमल्यामुळे दोन सामने न खेळताच गमवावे लागावेत, आणि त्यावर लीगच्या कार्यालयाने "रोस्टर (नोंदवलेल्या खेळाडूंची यादी) बंद झाले आहे, आता नवीन नाव घेता येणार नाही" असे सांगावे, हे सारे मी शिकागोच्या एका उपनगरात स्त्री-पुरुषांचा मिश्र स्लो-पिच, म्हणजे संथ चेंडूच्या सॉफ्टबॉलचा, संघ चालवताना जसेच्या तसे सोसले आहे. ग्लव्ह कोणता घ्यावा, कोणाला कुठे उभे करावे, या गोष्टी तुम्ही आतापर्यंत शिकला असालच, म्हणून त्या सोडून देते. मात्र प्रत्येक पार्क डिस्ट्रिक्टचे (मैदाने आणि लीग चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) नियम वेगळे असतात, तेव्हा माझे म्हणणे तुमच्या नियमपत्रिकेशी ताडून पाहिल्याशिवाय अमलात आणू नका.

मिश्र संघात पाच पुरुष आणि पाच महिला मैदानात उतरतात आणि फलंदाजीचा क्रमही एकाआड एक असतो. एक महिला कमी पडली, तर अनेक लीगमध्ये तिची रिकामी जागा क्रमात आली की दर वेळी एक बाद धरला जातो, त्यामुळे नुकसान क्षेत्ररक्षणापुरते राहत नाही. त्यात मे-जूनच्या पावसाने पुढे ढकललेले सामने हंगामाच्या शेवटी, बहुतेक वेळा एकाच संध्याकाळी दोन असे, लावले जातात. आपल्याकडच्या कुटुंबांची भारताची तिकिटे हिवाळ्यातच काढलेली असतात आणि शाळा सुटली की माणसे निघतात. फेरसामन्याची तारीख मात्र चार-सहा दिवस आधी कळते. यात खेळाडूंचा दोष नसतो, हे कार्यालयाला समजावून सांगताना माझी पुरती दमछाक झाली होती.

आता ज्या प्रकाराने आमचा हंगाम गेला, तो सांगते. आमच्या दोन महिला खेळाडू एकाच वेळी बाहेरगावी होत्या. दुसऱ्या एका संघातली खेळाडू त्या आठवड्यापुरती घेतली तर चालेल का, असे मी लीगच्या कार्यालयाला फोन करून विचारले. "चालेल, अंपायरला सांगा," असे उत्तर मिळाले. अंपायरने लाइनअपचा (त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या नावांचा) कागद पाहिला, समोरच्या कप्तानानेही मान डोलावली, आणि आम्ही त्या संध्याकाळचे दोन्ही सामने जिंकलो. पुढच्या आठवड्यात आमच्याशी गुणतालिकेत बरोबरीत असलेल्या तिसऱ्याच संघाने हरकत नोंदवली. ती खेळाडू आमच्या रोस्टरवर नाही, एवढ्या एका मुद्द्यावर दोन्ही विजय काढून घेतले गेले आणि आमचे प्लेऑफ हुकले. मी फोनवरच्या परवानगीची आठवण दिली, तेव्हा कार्यालयाने कानांवर हात ठेवले. अशा संभाषणाची आमच्याकडे नोंद नाही, एवढेच उत्तर मिळाले. फोन उचलणारी व्यक्ती कदाचित उन्हाळ्यापुरती कामावर घेतलेली असेल, तिला नियम ठाऊक नसेल, हे मला मान्य आहे. पण कार्यालयातून फोनवर दिलेला शब्द कार्यालयाने पाळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. संपूर्ण संघाने नोंदणीची रक्कम भरून, कामावरून धावतपळत येऊन खेळलेले सामने एका ओळीच्या ई-मेलने पुसले गेले, याचा राग मला अजून येतो.

म्हणून तुम्ही आज रात्रीच कार्यालयाला ई-मेल लिहा. त्यात नियमाचा क्रमांक देऊन, नेमके उत्तर द्यावेच लागेल असे प्रश्न विचारा: रोस्टर नेमके कोणत्या तारखेला बंद झाले, दुखापत किंवा प्रवासासाठी अपवाद आहे का, आणि पर्यायी खेळाडू घेतल्यास ती कोणत्या जागेवर खेळू शकते व कोणत्या क्रमांकावर फलंदाजी करू शकते. काही लीग अशा खेळाडूला गोलंदाजी करू देत नाहीत आणि क्रमात शेवटी ठेवतात. आलेले उत्तर छापून स्कोअरबुकात ठेवा, आणि पहिला चेंडू पडण्याआधी अंपायर व समोरचा कप्तान या दोघांना दाखवून लाइनअपच्या कागदावर त्याची नोंद करून घ्या. समोरच्या कप्तानाच्या तोंडी संमतीवर विसंबू नका, कारण हरकत घेणारा संघ तिसराच असू शकतो.

तरीही मला वाटते की रोस्टरचा नियम हे अर्धेच दुखणे आहे. महिला खेळाडू जुलैत येईनाशा होतात, त्यामागे प्रवासाइतकेच आपल्या पुरुष सहकाऱ्यांचे वागणेही असते, आणि हे कोणाला बोचले तरी लिहिणे मला आवश्यक वाटते. राइट फील्डला उभी असलेली बाई उंच उडालेल्या चेंडूखाली नीट पोचलेली असते, ग्लव्ह वर धरलेला असतो, आणि तेवढ्यात मध्यावरून "माझा, माझा" ओरडत कोणीतरी धावत येऊन तिच्या पुढ्यातला झेल घेतो. असे दोन-तीनदा झाले की ती पुढच्या मंगळवारी ऑफिसात काम असल्याचे कळवते. आम्ही संघात स्पष्ट सांगितले की ज्याची जागा त्याचाच झेल, मग तो सुटला तरी चालेल.

दुसरे म्हणजे, महिलांना चेंडू हातात येईल अशा जागा द्या. स्लो-पिचमध्ये चेंडू साधारण 6 ते 10 फूट उंचीची कमान घेऊन खाली यावा लागतो, त्यामुळे पिचरला (गोलंदाजाला) ताकदीपेक्षा हाताचा अंदाज लागतो. आमच्या एका मैत्रिणीने त्याआधी कधी बॅटही धरली नव्हती. तिने अंगणात बादली ठेवून सराव केला आणि आमची सर्वांत भरवशाची पिचर झाली. तुमच्या जवळच्या महाराष्ट्र मंडळातही चौकशी करा. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळलेल्या अनेक जणी इथे आहेत, फक्त त्यांचा हात जलद गोलंदाजीला बसलेला असतो, तेव्हा संथ चेंडूची वाट पाहण्यासाठी त्यांना थोडा सराव द्यावा लागतो.

क्रिकेट खेळलेल्या पुरुषांसाठीही एक सूचना आहे. चेंडू यष्टीमागे वळवण्याची सवय इथे महागात पडते, कारण स्लो-पिचच्या प्रचलित नियमांनुसार दोन स्ट्राइकनंतर (फलंदाजाच्या दोन संधी वाया गेल्यावर) चेंडू फाउल, म्हणजे मैदानाच्या रेषांबाहेर, गेला की फलंदाज बाद होतो.

उरलेल्या सामन्यांसाठी, नियमात आठ जणांनी सुरुवात करण्याची मुभा असेल, तर रिकाम्या जागांचे बाद सोसूनही खेळा. माणसे जमणारच नाहीत असे दिसले, तर कार्यालयाला आदल्या दिवशीच लेखी कळवा. काही ठिकाणी त्यामुळे अनामत रक्कम वाचते. तुमच्या नियमपत्रिकेतले पर्यायी खेळाडूंविषयीचे पान मला पाठवलेत, तर त्या ई-मेलचा मसुदा मी आनंदाने करून देईन.