लिफ्टमधली चेष्टा

प्रश्न : आमच्या सोसायटीत मणिपूरच्या दोन नर्स भाड्याने राहतात. लिफ्टमध्ये कुणीतरी त्यांना 'चिंकी' म्हणालं. मी हटकलं, तर सासरे म्हणाले, "वर्णद्वेष गोऱ्यांचा. आपल्याकडे नुसती चेष्टा." खरं काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : सासऱ्यांना फार दोष देऊ नका, त्यांच्या पिढीला वर्णद्वेष म्हणजे दक्षिण आफ्रिका एवढंच ठाऊक. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या वर्णद्वेषविरोधी करारात वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला भेदभाव, असं सगळं येतं. त्या 'कूळ' शब्दावरून २००१मध्ये डर्बनला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्णद्वेषविरोधी परिषदेत चांगलीच जुंपली. जात त्यात येते, असं दलित संघटना म्हणत होत्या. आपलं सरकार नाही म्हणत होतं. आपल्या घटनेच्या कलम १५मध्ये मात्र वंश आणि जात शेजारी शेजारी, दोन वेगळे शब्द म्हणून बसलेत.

काही अभ्यासक म्हणतात, वर्णद्वेषाला नुसता पूर्वग्रह पुरत नाही, हातात सत्ता हवी. मला ती तुमच्या लिफ्टमध्येही दिसते. भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्या मुली उलट बोलणार कशा?

मी गिरगावच्या चाळीतली. मला 'काळुंद्री' म्हणत. पाहुणे बघायला येणार म्हटलं की आई सकाळपासून तोंडाला साय नि डाळीचं पीठ थापायची. तीही चेष्टाच, मी सोडून सगळे हसायचे. तरी माझं नि त्यांचं दुखणं एक नव्हे. 'तू कुठल्या देशाची?' असं मला कधी कुणी विचारलं नाही.