कॉम्प्युटरला जोडायला दहा हजारांच्या आत कुठला स्टिरिओ अँप्लिफायर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की सहा ओहमचे जुने बुकशेल्फ स्पीकर घरात आहेत, डेस्कटॉपवरून गाणी ऐकायची आहेत, तर ५० वॉटचा घेऊ की १०० चा, आणि डीएसी (कॉम्प्युटरमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग) वेगळा लागतो का. आणि खाली लिहिलंय की ओळखीतले एकजण सांगतात, "छोट्या डब्यात दम नसतो, जुना वजनदार अँप शोध." हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले, बाकी प्रश्नाची उत्तरं ढिगानं पडलीयेत.

आधी सरळ सांगते. टीपीए३११६ नाहीतर टीपीए३२५५ चिपचा, बऱ्या कंपनीचा (फोसी, आयिमा वगैरे) क्लास डी अँप (ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करून चालणारा छोटा डबा) घ्या आणि विषय संपवा. वॉटच्या आकड्यामागे लागू नका. ३११६ च्या डब्यावर ५०+५० लिहितात तो आकडा २१ व्होल्ट सप्लाय, ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) धरून काढलेला असतो. घरातला १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर लावला तर तुमच्या सहा ओहमला पंचवीसेक वॉट मिळतील. स्पीकर ८६ डीबीचा (म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८६ डीबी आवाज देणारा) असेल तर एक मीटरवर बसून पंचवीस वॉटला १०० डीबीच्या आसपास आवाज होतो, शेजारी बेल वाजवतील. पन्नासचे शंभर वॉट केले की वाढतात फक्त ३ डीबी, म्हणजे जरासा मोठा, दुप्पट नाही. आपल्याकडे लोकल डब्यांवर ५००० वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल पॉवरचा फुगवलेला आकडा) छापलेलं असायचं आणि आत बसलेला असायचा ४४४० चा आयसी, जो ब्रिज करून (दोन्ही चॅनल एकत्र जोडून) जेमतेम १९ वॉट देतो. त्या छापील आकड्यांनी आपली जी सवय बिघडवली ती अजून गेलेली नाही.

आता वजनाचं. माझे मामा डोंबिवलीला असतात, शास्त्रीय संगीतातले दर्दी, आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेट्स कपाटभर, आणि ऐंशीच्या दशकातला एक अँप, एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर की एकट्यानं उचलवत नाही. कॅसेट्सना बुरशी धरायला लागली म्हणून मी त्या सगळ्या बसून कॉम्प्युटरवर घेऊन दिल्या आणि डेस्कटॉप त्यांच्या अँपला जोडला, तर स्पीकरमधून सतत घूंऽऽ. मामांनी मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरनं तंबोरा उतरवला." आणि त्यांचं बरोबर होतं! गवई काळी एकचा होता (म्हणजे त्याचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर), तंबोऱ्याची पंचमाची तार येते साधारण १०४ हर्ट्झला, आणि आपल्या विजेचा हम ५० हर्ट्झचा, त्याच्या पटीत १०० ला येतो. म्हणजे पंचमाच्या शेजारी एक उतरलेला, बेसूर पंचम अखंड वाजतोय. असा कान फार थोड्यांना असतो, मला मामांच्या कानाबद्दल कधीच शंका नव्हती. भांडण होतं ते कानानं ऐकलेल्याचं कारण काय यावर.

मग एका दुकानाचा माणूस आला, अँप घेऊन गेला, कपॅसिटर बदलले, बिल भरपूर लावलं. घूं तसाच. मग तोच माणूस माझ्याकडे न बघता मामांना म्हणाला, "कॉम्प्युटर काढून टाका, ही गाणी वाजवायची वस्तू नाही." झालं, मामांना तेच ऐकायचं होतं. शेजारच्या काकांनी तर कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला दिला. हे कोणीही करू नका, हम जाईल पण सप्लायमध्ये फॉल्ट झाला तर कॅबिनेटला करंट येईल.

मी दुसऱ्या दिवशी एकेक वायर काढत बसले. विंडोजचा आवाज शून्य केला, घूं आहेच, म्हणजे फाइलमधून येत नाही. कॉम्प्युटरची ऑडिओ केबल अँपच्या मागून काढली, घूं बंद. इथे सगळे थांबतात आणि कॉम्प्युटरला दोषी ठरवतात. मी केबल परत लावली आणि बाकीचं बघायला लागले, कारण मामा टीव्हीचा आवाजही त्याच अँपवर ऐकायचे, सेट टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना मागे खोचलेल्या होत्या. बॉक्सच्या पाठीमागची केबलवाल्याची जाड वायर फिरकी सोडवून ओढून काढली आणि खोलीत एकदम शांत. मामा आतून ओरडले, "लाइट गेली का गं?"

कॉम्प्युटरला तीन पिनांची अर्थिंग, केबलवाल्याची वायर गच्चीवर कुठेतरी वेगळीकडे अर्थ झालेली, दोन अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक, आणि तो करंट तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावतात तो छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर टीव्हीच्या त्या लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरीत टाकला, आजतागायत घूं नाही. कपॅसिटरचे पैसे फुकट गेले ते गेलेच.

पण मामांनी याचा अर्थ भलताच काढला, "बघ, अँप उत्तमच होता, तुझ्या त्या डब्यांत असला आवाज नाही." म्हणून मी ३११६ चा डबा नेला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मल्टिमीटरनं स्पीकरच्या टर्मिनलवर १०० हर्ट्झचा टोन वाजवून दोन्हींचं व्होल्टेज सारखं केलं, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, दुकानात हीच युक्ती करतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चार पोलचा (एकदम चार वायरी बदलणारा) टॉगल स्विच आणला होता, मामा भिंतीकडे तोंड करून बसले आणि मी मागे बदलत राहिले. त्यांना ओळखता आलं नाही. डबा चालू असताना "हा माझा, याच्यात गळा खुलतो" म्हणाले, हे मामींनी ऐकलंय, मामेभावानं ऐकलंय. आणि तरी प्रत्येक लग्नकार्यात मामा चारचौघांत सांगतात की पोरीच्या डब्यात दम नाही, तिचा मीटर खोटा. मीटर खोटा असता तर दोन्हीकडे सारखाच खोटा असता ना! वजन ट्रान्सफॉर्मरचं आणि हीटसिंकचं असतं, क्लास डी फारसा तापत नाही आणि सप्लाय एसएमपीएस (लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवायचा) असतो म्हणून तो हलका, यात आवाजाचा संबंध कुठे आला?

वर चार पोलचा स्विच लिहिलाय तो मुद्दाम. या चिपमध्ये स्पीकरची काळी वायर ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. दोन्ही चॅनलच्या काळ्या वायरी एकत्र जोडल्या किंवा साध्या सिलेक्टर स्विचला लावल्या, ज्यात मायनस कॉमन असतो, तर चिप उडू शकते. जुन्या अँपवर हात बसलेले लोक हमखास इथे अडकतात.

डीएसीचं विचारलं होतंत. मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या जॅकमधून आधी ऐका. माउसचं चाक फिरवल्यावर स्पीकरमध्ये चिर्र चिर्र येत असेल किंवा सतत सूं असेल तरच डीएसी घ्या, आणि अॅपल कंपनीचा टाइप-सी ते हेडफोन असा छोटा डोंगल पुरतो, त्याच्यापेक्षा जास्त खर्च दहा हजारांच्या बजेटमध्ये करूच नका. पण त्यानंही चिर्र गेलं नाही तर ते बहुधा ग्राउंड लूपच आहे, आणि बोर्डावर ऑप्टिकल आउट (प्रकाशानं सिग्नल पाठवणारा जॅक) असेल तर ऑप्टिकलवाला डीएसी घ्या, काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जात नाही. विंडोजचा आवाज थोडा कमी ठेवून अँपचं आवाजाचं बटण मध्याकडे ठेवा, स्वस्त अँपचं बटण अगदी खाली असलं की एक बाजू बारीक वाजते.

एक मात्र सांगायला हवं, ३११६ च्या बऱ्याच डब्यांत वरच्या पट्टीचा आवाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडा कमीजास्त होतो, ८ ओहमला जरा चकचकीत, ४ ला जरा दबका. माझी टेस्ट मामांच्या एकाच स्पीकर जोडीवर झाली, तेव्हा तुमच्याकडे थोडा फरक ऐकू येऊ शकतो. स्पीकर ८२-८३ डीबीचे असतील, किंवा टेबलावर नाही तर मोठ्या हॉलमध्ये लांब बसून ऐकायचं असेल, तर ३२५५ च घ्या आणि सोबत ३२ किंवा ३६ व्होल्टचा खरा सप्लाय. आणि तुमच्या त्या ओळखीतल्यांकडे चालू स्थितीतला जुना अँप फुकट पडून असेल तर तोही लावा, वाईट नाही वाजणार. फक्त पैसे देऊन वजन विकत घेऊ नका. ते ऐकत नसतील तर सारख्या व्होल्टेजवर, पाठमोरं बसवून ऐकवा, आणि साक्षीला घरातली दोन माणसं ठेवा.

स्पीकरच्या मागच्या स्टिकरचा मॉडेल नंबर आणि डीबीचा आकडा इथे टाका, मग ३११६ पुरेल की नाही ते नक्की सांगते.